तीन की चार

नाना पेठेत दस्तगीरभाई पहिलाच प्रश्न टाकतात,
"तीनचा की चारचा?"
आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो,
त्यांनी सायकली नाही, माणसंच विचारल्यासारखे.

तीन आठवडे घरात हाच विषय.
टपावरचा नको, माझा हात पोचत नाही
आणि सोसायटीच्या पार्किंगची तुळई बुटकी.
डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा तो स्वस्त,
पण एखादा पट्टा सुटला तर, या विचारानं
मुकुल रात्री दोनदा उठून पाणी प्यायला.
राहता राहिला मागचा हूक:
चासीला बोल्टनं आवळलेला, त्याच्या टोकाला गोळा,
गोळ्यावर सगळा संसार.
त्यासाठी बंपर कापायचा तळहाताएवढा.
"हप्ते अजून सव्वीस बाकी आहेत," मुकुल म्हणाला,
आणि खाली बसून बंपरवरनं हात फिरवला.

बाबांनी पेपर खाली न घेता विचारलं,
"सायकल गाडीला लावून न्यायची,
तिथं जाऊन सायकल चालवायची,
आणि परत गाडीला लावून आणायची?"
हो.
"म्हणजे घोड्याला टांग्यात बसवून हवा खायला न्यायचं."

एकतीस वर्षं ते खडकीच्या कारखान्यात सायकलवर गेले,
डबा हँडलला, रेनकोट कॅरिअरला.
त्यांना काय सांगू,
वारज्याच्या पुलाखालनं अबीर पुढे जातो तेव्हा
माझ्या ब्रेकवर माझी बोटं पांढरी होतात.

मग वजनं.
गोळ्यावर पंचाहत्तर किलो, त्यातच स्टँडचे वीस,
दस्तगीरभाईंनी पावतीच्या पाठीवर लिहून दिलेलं.
बाथरूममधला काटा हॉलमध्ये आला.
आधी मी एकटी, मग मी सायकल उचलून,
वजाबाकी अबीरनं केली, मोठ्यानं;
माझं वजन खालच्या मजल्यापर्यंत गेलं.
मुकुलची चौदा.
माझी, बास्केट आणि घंटीसकट, सतरा.
अबीरची नऊ, चिखल धरून साडेनऊ.

ऋजुताची मी मागं ठेवली होती.
जुलैत ती गुवाहाटीला चालली, चार वर्षांसाठी.
तिकीट फ्रिजवर, मॅग्नेटखाली.
"तिची कशाला मोजायची," मुकुल हळूच म्हणाला,
"तीनचा हलका पडेल. चार हजार वाचतील."
ती आतनं आली, हाताला खोक्याची चिकटपट्टी,
स्वतःच सायकल उचलून काट्यावर उभी राहिली.
"तेरा," म्हणाली.
"आणि सीट कुणी खाली करायची नाही."

दीड किलो शिल्लक राहत होतं.
बास्केट काढली तर दोन.

"चारचा," मी दस्तगीरभाईंना सांगते.
मुकुल काही बोलत नाही, बंपरकडे बघतो.
ते म्हणतात, मागची नंबर प्लेट झाकली जाईल,
चौकात मामा थांबवतील,
वेगळी प्लेट देतो, दिवेही जोडून देतो.
करवतीचा आवाज सुरू होतो
तसा मुकुल समोरच्या दुकानात जातो,
काही घ्यायचं नसताना वायपर बघत बसतो.

ऑगस्टातला दुसरा रविवार. कापूरहोळच्या पुढे
आरशात रस्ता नाही, नुसत्या तारा आणि रबर.
वाऱ्यानं चाकं आपापली फिरतायत, कुणी बसलेलं नसताना.
अबीर मागं वळून मोजतो, चारही आहेत.
पुढच्या सीटवर बाबा.
का आलात, कुणी विचारलं नाही.
पँटच्या उजव्या पायाला त्यांनी
ती जुनी पत्र्याची क्लिप लावली आहे.
"टांगा बरा चाललाय," एवढंच म्हणाले, भोर फाट्याला.

पाना डिकीत आहे.
ऋजुताच्या सीटच्या दांड्यावर, ती जिथवर वर होती तिथं,
काल रात्री मी नेलपॉलिशची
एक रेघ ओढून ठेवली.